पावडरचं दूध देताय ना, मग डबा फेकू नका

आधीच सांगते, अंगावरचं दूध की वरचं दूध या भांडणात मला पडायचं नाहीये. माझा मुलगा ३४व्या आठवड्यात झाला, एक किलो नऊशे ग्रॅमचा, अकरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता, मला दूध यायला वेळ लागला आणि जे आलं ते त्याला पुरेना, शेवटी डॉक्टरांनीच पावडर लिहून दिली. घरी आल्यावर रात्री दोन वाजता डबा उघडताना दर वेळी मनात यायचं, की यात नक्की काय आहे हे मला कोण सांगणार? तेव्हा मी जे वाचलं, विचारलं, चुकत चुकत शिकले ते सगळं इथे एकत्र लिहितेय, कारण नवीन आया मला सारखं विचारतात की कोणता ब्रँड सेफ आहे. ब्रँडचं नाव मी कुणालाच देत नाही. डबा कसा घ्यायचा, दूध कसं बनवायचं आणि काही बिघडलं तर हातात काय असायला हवं एवढं मात्र नक्की सांगू शकते.

लोकांचा विश्वास का उडालाय ते आधी बघू, कारण त्यातूनच पुढच्या सगळ्या पायऱ्या निघतात.

२००८ साली चीनमध्ये सानलू नावाच्या मोठ्या कंपनीच्या पावडरमध्ये मेलामाइन सापडलं. मेलामाइन म्हणजे ज्यापासून ती न फुटणारी ताटं-वाट्या करतात ते. दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी भरतं, पण तपासणीत प्रोटीन थेट मोजत नव्हते, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीनचा अंदाज काढत होते, आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नुसता नायट्रोजन असतो. म्हणजे पाणी घाला, वर मेलामाइन घाला, दूध तपासणीत पास. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात दहा गोष्टी जातात, तान्ह्या बाळाचं सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण म्हणजे तो एकच डबा, त्यामुळे सगळं त्याच्या किडनीवर आलं आणि खडे झाले. जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली. आणि सानलूला सरकारी तपासणीतून सूट होती, चांगली कंपनी म्हणून! पालकांच्या तक्रारी डिसेंबर २००७ पासून कंपनीकडे येत होत्या. कंपनीत ४३ टक्के वाटा असलेल्या न्यूझीलंडच्या फॉन्टेराला २ ऑगस्टला कळलं, ऑगस्टमध्ये बीजिंगचं ऑलिम्पिक पार पडलं आणि लोकांना कळायला ११ सप्टेंबर उजाडला. मधले सगळे दिवस बाळं तेच दूध पीत होती. हे वाचून मी त्या रात्री झोपले नव्हते.

त्यानंतर बऱ्याच चिनी पालकांनी देशी पावडर घेणंच सोडलं, हाँगकाँगमधून एवढे डबे नेऊ लागले की २०१३ च्या मार्चपासून तिथे माणशी १.८ किलोच बाहेर न्यायचा नियम करावा लागला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात त्यांची काही चूक नाही. आपल्याकडेही सप्टेंबर २००८ पासून चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांची आयात बंद झाली आणि ती बंदी पुढे वाढवत नेली.

पण "परदेशी म्हणजे सेफ" हेही खरं नाही. फ्रान्समध्ये २०१७ च्या डिसेंबरात लॅक्टॅलिस कंपनीच्या क्राओं गावातल्या कारखान्याच्या पावडरमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निघाला, ८३ देशांतून एक कोटी वीस लाख डबे परत मागवले, त्याच कारखान्यात २००५ मध्ये साल्मोनेलाचा तोच प्रकार निघाला होता. आणि परत मागवलेले डबे सुपरमार्केटांत त्यानंतरही विकले जात होते हे उघडकीला आलं ते वेगळंच. अमेरिकेत २०२२ मध्ये अ‍ॅबट कंपनीचा मिशिगनमधल्या स्टर्जिसचा कारखाना बंद करावा लागला, क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे. बाळांना झालेला जंतू कारखान्यातूनच आला हे जनुकीय तपासणीत सिद्ध झालं नाही, पण तिथे क्रोनोबॅक्टर सापडला होता आणि स्वच्छतेची अवस्था वाईट होती. पहिल्या आजारी बाळाची खबर तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाली होती. ऑक्टोबरमध्ये एका माजी कर्मचाऱ्याने सविस्तर तक्रार पाठवली, ती एफडीएच्या टपाल विभागातच अडकून पडली आणि वरच्या साहेबांपर्यंत वेळेत गेलीच नाही. रिकॉल झाला, म्हणजे डबे परत मागवले, ते १७ फेब्रुवारी २०२२ ला.

माझी धाकटी बहीण तेव्हा न्यू जर्सीत बाळंतीण होती. रिकॉलची बातमी आली, मी इकडे पुण्यात, ती तिकडे, व्हिडिओ कॉलवर, आणि मी तिला म्हणतेय डबा उलटा कर, खाली नंबर असेल तो वाच. पहिले दोन आकडे २२ ते ३७ च्या मधले, नंबरात के८, एसएच किंवा झेड२ ही अक्षरं, आणि वापरायची मुदत १ एप्रिल २०२२ किंवा त्यानंतरची, अशी खूण दिली होती. तिने किचनमधून एक छान झाकणाची काचेची बरणी आणून दाखवली. पावडर बरणीत ओतून डबा रिसायकलिंगमध्ये टाकला होता, कारण बरणीतून चमचा घ्यायला सोपं पडतं. पावडर रिकॉलमधली होती का नव्हती हे कळायचा कुठलाच मार्ग उरला नाही. सगळी पावडर फेकून दिली, दुकानं रिकामी, आणि पुढचे चार दिवस ती आणि जावई गाडी घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात फिरत होते.

म्हणून पहिली गोष्ट हीच, पावडर त्याच डब्यात ठेवा. डबा संपला तरी बाळाला शेवटचं पाजल्यापासून निदान दोन महिने रिकामा डबा ठेवून द्या, जागा नसेल तर खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढा ज्यात बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि एक्स्पायरी तिन्ही वाचता येतात, आणि तो फोटो नवऱ्याला पण पाठवा म्हणजे एक फोन हरवला तरी राहील. मी मार्करने डब्यावर उघडल्याची तारीख लिहायचे. उघडलेला डबा महिन्याभरात संपवायचा असतो, काही डब्यांवर त्याहून कमी दिवस दिलेले असतात, मग तेच धरा.

डबा घेताना

मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल मागा, ज्यावर बॅच नंबर असतो. "अहो ताई, एवढ्याशाला कशाला बिल" म्हणेल, तरी मागा. डबा चेपलेला, फुगलेला, कडेला गंजलेला, आतलं सील उचकटलेलं असेल तर घेऊ नका, अर्ध्या किमतीत दिला तरी नको. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा लोगो आणि १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो एफएसएसएआयच्या साइटवर टाकून बघता येतो की नंबर खरा आहे का आणि कुणाच्या नावावर आहे. पाच मिनिटांचं काम आहे, एकदा करा.

ही जाहिरातीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केला, त्यानुसार बाळाच्या पावडरची, दुधाच्या बाटलीची आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या तयार खाण्याची जाहिरातच करता येत नाही. डिस्काउंट नाही, फुकट सॅम्पल नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो नाही. त्यामुळे कुणी रीलमध्ये कूपन कोड देऊन पावडर विकत असेल तर जो विक्रेता एवढा साधा कायदा पाळत नाही तो डबा उन्हात गोडाऊनमध्ये किती दिवस ठेवत असेल याचा विचार करा आणि तिथून घेऊ नका.

परदेशातून कुणी येतंय म्हणून डबे मागवणाऱ्यांना कळकळीने सांगते. सूटकेसमधून आलेल्या डब्यावर एफएसएसएआय नंबर नसतो, आयात करणाऱ्याचं नाव नसतं, म्हणजे काही झालं तर इथे तक्रार करायची कुणाविरुद्ध? त्या देशात रिकॉल झाला तर तुमच्यापर्यंत बातमी कोण आणणार? आणि चमच्याचं माप बघा, आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असतो, अमेरिकन डब्यांत बरेचदा ६० मिलीला एक. चमचे अदलाबदल झाले की दूध एकतर दुप्पट घट्ट नाहीतर निम्मं पातळ होणार. ज्या डब्याचा चमचा त्याच डब्याला, सपाट भरून, दाबून नाही.

दूध बनवताना

पावडर निर्जंतुक नसते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सीलबंद, महागाच्या डब्यातलीसुद्धा नसते. कारखान्यात दूध वाळवून भुकटी करताना आणि नंतर भरताना क्रोनोबॅक्टरसारखा जंतू आत जाऊ शकतो आणि कोरड्या पावडरीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. तयार पातळ फॉर्म्युला निर्जंतुक असतो, जिथे मिळतो तिथे अगदी नाजूक बाळासाठी डॉक्टर तोच सुचवतात. पावडरच वापरायची असेल तर जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगतेय की पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ न देता त्यात पावडर घाला, म्हणजे जंतू मरतो. दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी झालेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर हे टाळूच नका.

प्रॉब्लेम असा की आपल्याकडच्या कितीतरी डब्यांवर "उकळून कोमट केलेलं पाणी" असं लिहिलेलं असतं. कोमट पाण्यात जंतू मरत नाही, उलट त्याला मजेत वाढता येतं. डब्यावर प्रोबायोटिक (पोटाला चांगले जिवंत जंतू) लिहिलं असेल तर गरम पाण्याने ते मरतात म्हणून कंपनी कोमट सांगते, अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा की माझ्या बाळासाठी काय करू, आणि बाळ किती आठवड्यांचं झालं होतं ते पण सांगा.

मी कसं करायचे ते सांगते. आई साताऱ्याहून आली होती, ती म्हणाली पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवू, रात्री सोपं पडेल. मी किचन थर्मामीटर घेतला, तीनेकशे रुपयांचा, आणि दोघींनी मोजलं. लिटरभर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, एवढ्या वेळात ते ७० च्या वर राहतं असा सांगितलेला हिशोब आहे. पण आम्ही छोट्या पातेल्यात पावच लिटर उकळायचो, ते वीस मिनिटांतच खाली आलं. आणि आईचा जुना थर्मास चार तासांनी ६२ दाखवत होता. आई थर्मामीटर हातात धरून बघतच राहिली, मग म्हणाली अगं म्हणजे मी तुम्हा दोघींना इतकी वर्षं कोमट पाण्यातच दिलं की. नवीन थर्मास आणला, तो सहा तास ७५ च्या वर राहायचा. तुमचा थर्मास तुम्ही मोजा, माझ्या आकड्यावर जाऊ नका.

मग हात साबणाने धुवायचे, ओटा पुसायचा, उकळून ठेवलेल्या बाटलीत आधी गरम पाणी मापून, मग पावडर, झाकण लावून हलवायचं, आणि बाटली नळाखाली किंवा गार पाण्याच्या भांड्यात धरून निववायची, झाकणाच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, कोमट लागला की द्यायचं. हे निववायचं विसरू नका, पेंगुळलेल्या डोळ्यांनी पोळण्याची भीती खरी आहे, म्हणून रात्री दुसऱ्या माणसाने थेंब तपासायचा असा आमचा नियम होता. मायक्रोवेव्ह नको, मध्येच दूध उकळतं राहतं आणि बाटली बाहेरून गार लागते.

बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावलं की तासाभरात. उरलेलं ओतून द्यायचं. मला माहितीये जीव तुटतो, पावडर काय स्वस्त आहे का, पण बाळाची लाळ गेलेलं दूध परत देऊ नका. बाटली-बोंडलं काहीही वापरा, ब्रशने घासून पाच मिनिटं बुडेल इतक्या पाण्यात उकळा. अंगावरचं दूध पंपाने काढणाऱ्यांनी पंपाचे भाग पण असेच सांभाळा, अमेरिकेत एका वेळेआधी झालेल्या बाळाला क्रोनोबॅक्टर घरच्या पंपातूनच झाला होता.

पण उकळून सगळं जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. मेलामाइन गरम पाण्याने जात नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बायहार्ट कंपनीच्या पावडरमुळे बाळांना बोटुलिझम हा अंग लुळं पाडणारा आजार झाला, त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. २०२६ च्या जानेवारीत नेस्लेने युरोपसह अनेक देशांतून बॅच परत मागवल्या त्या सेर्युलाइड नावाच्या विषामुळे, ते तर उष्णतेला जुमानतच नाही. इथे तुमची स्वच्छता कितीही चोख असू दे, उपयोग एकाच गोष्टीचा, बॅच नंबर.

घाबरून दोन गोष्टी करू नका. पावडर पुरवायची म्हणून पातळ करू नका, बाळाच्या रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला पावडरऐवजी गाईचं दूध किंवा घरी बनवलेलं कसलं मिश्रण सुरू करू नका. बाळ लहान असेल, हॉस्पिटलमध्ये असेल, तर मिल्क बँकेबद्दल विचारा, तिथे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. मला हे मुलगा दोन महिन्यांचा झाल्यावर कळलं.

काही बिघडलं तर

बाळ आधी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, अंग थंडगार लागलं, दूध ओढत नाहीये, एकसारखं किरकिरतंय किंवा उठवलं तरी उठत नाहीये, झटके आले, तर सकाळची वाट बघू नका. बरेच दिवस शी नाही, रडणं क्षीण झालंय, पापण्या जड, मान टाकतंय असं असेल तरी तसंच. जाताना डब्याचा फोटो घेऊन जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की हे दूध चालू आहे, नाहीतर तो प्रश्न विचारायचा राहून जातो. २००८ मध्ये चीनच्या गान्सूमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं ते यामुळेच, की किडनीत खडे झालेली सगळी बाळं एकच पावडर पीत होती.

मग डबा. इथे माझी चूक सांगते. मुलगा तीन महिन्यांचा असताना एका डब्यात कडक गोळे आणि झाकणाच्या आत तांबूस डाग दिसले. दुकानदार म्हणाला उन्हाने होतं. कंपनीला फोन केला, दुसऱ्या दिवशी एक खूप नम्र माणूस नवीन डबा घेऊन घरी आला आणि जुना "तपासायला" घेऊन गेला. मी दिला. पोच नाही, फोटो नाही, काही नाही. पुढे सरकारी ऑफिसला तक्रार केली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सॅम्पल कुठंय?

तर डबा कुणाला देऊ नका. झाकण लावून स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, कोरड्या जागी ठेवा, वर "वापरू नये" लिहा. कंपनीला हवा असेल तर सही-शिक्क्याची पोच घ्या ज्यात बॅच नंबर लिहिलाय, आणि अर्धी पावडर स्वच्छ बाटलीत स्वतःकडे ठेवा.

लॅबमध्ये तपासून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, अन्न सुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमात सामान्य गिऱ्हाईक फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं आणि माल खोटा निघाला तर फी परत मिळते. मेख एकच आहे, विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला घेतोय. म्हणजे घरी उघडलेला डबा या कलमात बसत नाही. त्यामुळे शंका आली की त्याच दुकानात जाऊन त्याच बॅचचा दुसरा सीलबंद डबा, दुकानदाराला सांगून, बिल घेऊन विकत घ्या. सोबत कुणीतरी असू द्या.

तक्रार दोन ठिकाणी करा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८०० २२२ ३६५, आणि एफएसएसएआय, १८०० ११ २१००, किंवा त्यांचं फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅप. फोनवर बोलून सोडू नका, लेखी द्या. चिडून पानभर लिहायचा मोह होतो, मला पण झाला होता, पण साहेब लोक काय करत होते वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच लिहा की ब्रँड, बॅच, तारखा, कुठून कधी घेतला, कधी उघडला, काय दिसलं, बाळाला कुठल्या तारखेला किती वाजता काय झालं, कुठल्या डॉक्टरांनी बघितलं. सोबत फोटो आणि बिल. ज्या डॉक्टरांनी बघितलं त्यांना पण कळवायला सांगा, त्यांच्या कागदाला वजन असतं.

तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. तो मार्करने त्या डब्यावरच लिहून ठेवा, आणि आठ दिवसांनी फोन करताना डबा समोर घेऊन बसा.